क्लिफर्ड बॅराक्लफ मेला, बहुधा

हॅगरबीच्या चर्चच्या आवारात तीनशे बारा माणसं झोपलेली आहेत. एकशे चाळीस विसावली आहेत, सत्तावीस जणांना घरी बोलावून घेतलेलं आहे आणि एक निवृत्त खलाशी किनाऱ्याला लागले आहेत. मेलेलं मात्र कोणीही नाही. हा आकडा ऐकीव नाही. एका शनिवारी पावसात वही घेऊन, दगडा-दगडावरची शेवाळ खरवडून मी स्वतः मोजलेला आहे. कारण आमच्या पाद्रीणबाई म्हणाल्या होत्या, "आधीचं एखादं उदाहरण दाखवलंस ना जोएल, तर मला फार सोपं जाईल."

माझ्या वडिलांना मरायचं होतं. म्हणजे दगडावर. प्रत्यक्षात त्यांना तशी काही घाई नव्हती, पण ते काम फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, आंघोळीच्या टबात, उरकून गेलं.

बाबांनी एकतीस वर्षं हॅगरबी ते बाजारगाव अशी बस चालवली. निवृत्त झाले त्याच वर्षी गावातली लायब्ररी बंद पडली आणि तिथला तेरा खंडांचा शब्दकोश बाबांनी हातगाडीवरून घरी आणला. प्रत्येक शब्दाचा जन्म, कूळ, आईबाप आणि लफडी सांगणारा तो कोश. तो ते फक्त टबात वाचत. अकरा वर्षांत 'डी'पर्यंत पोचले होते. आई म्हणायची, "एवढ्या वेळात माणूस पोहत फ्रान्सला जाऊन परत आला असता. येताना चीजही आणलं असतं."

त्या मंगळवारानंतर आठवड्याने मी 'डी'चा खंड उघडला, तर आत खूण म्हणून बसचं तिकीट होतं. पान होतं आमच्या भाषेतल्या 'डाय' या क्रियापदाचं, म्हणजे साध्या मरणाचं. तिकिटामागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

'ग्लेनिस, जोएल, हे वाचा. हा शब्द आपला नाही! आपल्याकडे पूर्वी मरण्यासाठी "स्टार्व्ह" होता. तो झिजत झिजत नुसता उपाशी मरण्यापुरता उरला. "डाय" आणला उत्तरेकडून होड्या घेऊन आलेल्या नॉर्स लोकांनी. म्हणजे जे मारायला आले, त्यांच्याकडूनच आपण मरायचा शब्द घेतला. यासारखं सुंदर मी काही वाचलेलं नाही. माझ्या दगडावर घाला: क्लिफर्ड बॅराक्लफ. मेला. शब्द नॉर्स लोकांकडून उसना, बाकी सगळं स्वतःचं. झोपी गेला असं घातलंत तर बघा.'

बघा म्हणजे काय, हे लिहिलेलं नव्हतं. तिकीट तिथे संपलं होतं.

"वेडा होता," आई म्हणाली. तिच्या नाकाला प्राणवायूची नळी होती आणि खुर्चीशेजारी ते यंत्र बसून तिच्या वतीने उसासे टाकत होतं. फुप्फुसं तिची दोन वर्षांपासून रजेवर होती. पुढच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की डॉक्टर खिडकीबाहेर बघून बागेची स्तुती करत. "झोपी गेला लिही आणि मोकळा हो. सगळा शेजार झोपलाय, हाच एकटा जागा राहणार का? मला फक्त दगड लागलेला बघायचाय. खाली माझी जागा सोडलेली बघायचीय. एवढंच. मग मी सुटले."

"पण त्यांनी लिहून ठेवलंय, आई."

"त्याने कपाट दुरुस्त करीन असंही लिहून ठेवलंय. फ्रिजवर. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून."

तर कामाचं स्वरूप असं होतं: बाबांचा शब्द, आईचा श्वास, आणि मध्ये मी. मी नगरपालिकेत पार्किंगच्या तक्रारींना उत्तरं लिहितो. 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य माझं आहे. एवढा अनुभव असलेल्या माणसाला एक दगड उभा करणं जड जाऊ नये, असा माझा समज होता.

तोवर साठ-सत्तर सांत्वनाची पत्रं आली होती. बाबा 'गेले' होते, 'निघाले' होते, 'शांत झाले' होते, 'आता वेदनेत नव्हते' (आधीही नव्हते, गुडघा सोडला तर). गॅस कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारलं, "मिस्टर बॅराक्लफ यांची परिस्थिती बदलल्याचं कळलं. हा बदल कायमस्वरूपी आहे का?" मी म्हटलं, "हो, सध्या तरी." खरं सांगायचं तर तो शब्द माझ्याही तोंडून निघत नव्हता. मी 'फेब्रुवारीतला तो प्रकार' म्हणत असे. नंतर नंतर नुसतं 'फेब्रुवारी'.

पाद्रीणबाई हिलरी टेट स्वभावाने इतक्या मऊ की त्यांच्याशी बोलून बाहेर पडल्यावर आपल्याला नकार मिळालाय हे दोन दिवसांनी कळतं. त्यांनी चहा दिला, बिस्किट दिलं आणि आवाराच्या नियमांची पुस्तिका दिली. परिशिष्ट 'ब'मध्ये चालणारे शब्दप्रयोग छापलेले होते: झोपी गेले, विसावले, घरी बोलावले गेले, नजरेआड झाले.

"यात त्यांचं नाहीये," मी म्हटलं.

"नाहीये खरं."

"पण प्रत्यक्षात ते... तसे झालेत."

"झालेत, झालेत," बाई घाईने म्हणाल्या. "पण दगडावर म्हणजे... लहान मुलं असतात, रविवारी. आणि हे नॉर्स म्हणजे मूर्तिपूजक ना? मला वैयक्तिक काही नाही हं. पण यादीबाहेरचं म्हटलं की धर्मप्रांताच्या न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो."

आमच्याकडे चर्चला स्वतःचा न्यायाधीश असतो. तो खून-दरोडे बघत नाही. तो बघतो की कोणी परवानगीवाचून गुळगुळीत काळा ग्रॅनाइट तर लावला नाही. अर्ज चौदा पानी होता. कलम नऊ: 'प्रस्तावित वस्तूचा वटवाघळांवर काही परिणाम संभवतो का?' मी लिहिलं, 'त्यांनी वाचलं तर.' एवढ्यावरून अर्ज परत आला आणि तीन आठवडे गेले. तो विनोद मला तीन आठवड्यांना पडला, आणि आईकडे आठवडे मोजकेच होते, हे मला नंतर झोपताना रोज आठवायचं.

दुसऱ्यांदा अर्ज घेतला गेला. मग त्याची सूचना चर्चच्या दारावर अठ्ठावीस दिवस लावायची, म्हणजे कुणाची हरकत असेल तर कळते. बाविसाव्या दिवशी वाऱ्याने सूचना उडाली आणि बदकांच्या तळ्यात सापडली. पुन्हा पहिल्यापासून अठ्ठावीस. या वेळी मी ती आठ टाचण्यांनी ठोकली. तर फुलं सजवणाऱ्या बायकांनी आपलं वेळापत्रक बरोबर तिच्यावर लावलं. दोन आठवडे सगळं गाव वाचत होतं की बॅराक्लफ यांच्या दगडाबाबत ज्यांना हरकत असेल त्यांनी पिवळे डॅफोडिल आणावेत.

"लागला का?" आई दर संध्याकाळी विचारायची.

"प्रक्रियेत आहे."

"पार्किंगवाल्यासारखं बोलू नकोस माझ्याशी."

शेजारच्या मिसेस पिकल्स दर गुरुवारी ओव्हनमध्ये भाजलेला फिश-पाय घेऊन येत, त्याच एका पांढऱ्या भांड्यातून, आणि जाताना मागच्या गुरुवारचं भांडं मागत. ते हेच असल्यामुळे दर वेळी थोडा गोंधळ व्हायचा. "माझ्या हॅरल्डच्या वेळी मी सरळ राख केली बघ राजा," त्या म्हणाल्या. "दगड नको, न्यायाधीश नको. कपाटात आहे. धूळ पुसताना 'सरक जरा' म्हणते."

"आणि सांगताना काय सांगता? हॅरल्डचं काय झालं म्हणून?"

"सांगते की बागेत आहे," मिसेस पिकल्स म्हणाल्या. "होताच नेहमी बागेत."

हरकत आली ती सव्विसाव्या दिवशी. आवार समितीचे अध्यक्ष मिस्टर ब्रायन आउथवेट यांची. हे गृहस्थ थडग्यांभोवतीचं गवत शिवणकामाच्या कात्रीने कापतात आणि एखाद्याने प्लास्टिकची फुलं ठेवली तर त्याला गावातल्या दुकानात ओळख देत नाहीत. हरकतीचं पत्र चार पानी होतं. मी त्यांना खाटकाच्या रांगेत गाठलं.

"मिस्टर आउथवेट, नॉर्स लोकांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

"त्यांनी हे चर्च जाळलं."

"केव्हा?"

"आठशे सदुसष्टमध्ये."

"त्याला जरा दिवस झाले."

"म्हणून विसरायचं?" ते म्हणाले. "ज्यांनी इथली माणसं मारली त्यांचं नाव इथल्याच जमिनीत कोरायचं? आणि तेही थट्टेसारखं? तुझे वडील सज्जन होते. पण त्यांना थट्टा कुठे थांबवावी ते कळत नसे." मग खाटकाकडे वळून, "चार सॉसेज. इथलेच आहेत ना?"

त्या पत्राचा परिणाम म्हणून न्यायाधीशांच्या कचेरीने कळवलं की दगडावरचं विधान खरं असल्याचा पुरावा जोडावा. मी विद्यापीठातल्या जुन्या भाषांच्या एका प्राध्यापिकेला लिहिलं. त्यांनी सहा पानी उत्तर पाठवलं, अत्यंत आनंदाने. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नसावं. सारांश असा: शब्द नॉर्स लोकांकडून आला असं बहुतेकांचं मत आहे. आमच्या सर्वात जुन्या लिखाणात तो सापडत नाही. पण लिहिलेलं सापडत नाही म्हणजे बोलण्यात नव्हताच असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कदाचित तो आमचाच असेल आणि कोणी लिहिला नसेल.

म्हणजे आमचे पूर्वज शतकानुशतकं मरत होते आणि कदाचित त्यासाठी हाताशी असलेला शब्द कागदावर येऊ देत नव्हते. हॅगरबीचा अनुभव पाहता मला हे सहज पटलं.

शेवटी प्राध्यापिकाबाईंनी सुचवलं होतं: 'शास्त्रीय प्रामाणिकपणासाठी मजकुरात "बहुधा" घालावे.'

दगड कोरणारे मिस्टर डग्डेल कमी बोलतात. दगड बोलेल तेवढंच. त्यांनी नव्या मजकुराचा कागदी आराखडा दगडाच्या मापाचा करून आणला आणि आईसमोर धरला. दगड अरुंद असल्यामुळे वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत आलं होतं: 'क्लिफर्ड बॅराक्लफ मेला, बहुधा'. बाकीचं खाली, बारीक.

आईने चष्मा वर सरकवून वाचलं. यंत्राने दोन उसासे टाकले.

"मी खात्री करून घेतली होती," ती म्हणाली.

डग्डेलांनी कागदाची गुंडाळी केली. "अक्षरं कमी असली की बरं," ते म्हणाले. हे त्यांचं त्या महिन्यातलं सर्वात लांब वाक्य असावं.

सुनावणी सप्टेंबरात चर्चमध्येच झाली. न्यायाधीशबाई खोकल्याच्या गोळ्या चघळत वेदीसमोरच्या टेबलामागे बसल्या होत्या. मी सूट घातला होता, दफनाच्या दिवशीचाच. खिशात त्या दिवशीचं सँडविच निघालं. आईला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, पण माझी साक्षीदार म्हणून नाही. आउथवेटांनी तिला बोलावलं होतं. तिला 'झोपी गेला' हवंय हे तिनेच मिसेस पिकल्सना सांगितलं होतं, आणि मिसेस पिकल्सना सांगणं म्हणजे दारावर अठ्ठावीस दिवस सूचना लावण्यासारखंच, फक्त ती उडत नाही.

आउथवेट उभे राहिले. जळलेल्या चर्चबद्दल बारा मिनिटं बोलले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "मॅडम, खुद्द त्यांच्या पत्नीला हे नकोय. क्लिफर्ड शांतपणे झोपी गेले, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ग्लेनिस, तूच सांग."

आईने नळी सारखी केली.

"ब्रायन, तू होतास का तिथे? बाथरूममध्ये?"

"अर्थातच नाही."

"मी होते. म्हणजे दार मी उघडलं." तिला मध्ये थांबावं लागलं. कोणी घाई केली नाही. "जोएल, पुस्तकं काढ."

पुस्तकं मी पुरावा म्हणून आणली होती, 'डाय'चं पान दाखवायला. तिने सगळे खंड आण म्हणून सांगितलं होतं ते का, हे मला माहीत नव्हतं. मी 'ए' टेबलावर ठेवला. तो फुगून उशीएवढा झालेला होता. 'बी' त्याहून जाड. 'सी' तर मिटतच नव्हता.

"छत्तीस वर्षं मी त्याला झोपी जाताना बघितलंय," आई म्हणाली. "बिछान्यात, खुर्चीत, माझ्या बहिणीच्या लग्नात. आणि अकरा वर्षं टबात. टबात झोपला की पुस्तक पाण्यात. दर वेळी. मी वाळत घालायची, दोरीवर, चिमटे लावून. आता 'डी' काढ."

मी 'डी' काढला. कोरडा, सपाट, दुकानातून आणल्यासारखा.

"टबाशेजारी स्टूल असतं. त्यावर नीट ठेवलेलं होतं. तिकीट आत घालून. एक हात टबाबाहेर, पुस्तकाकडे." ती पुन्हा थांबली. "ज्याला झोप येते, तो पुस्तक नीट ठेवत नाही, ब्रायन. त्याला कळलं होतं. त्याने आधी पुस्तक वाचवलं. मग तो मेला. एकटा. मी खाली बटाटे सोलत होते."

यंत्राचा आवाज तिसऱ्याच कोणाचा वाटत होता. मला तो शब्द सात महिन्यांत पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडून ऐकू आला होता. छत कोसळलं नाही. पाद्रीणबाईंनी फक्त डोळे मिटले.

"आणि दुसरं," आई म्हणाली, आता तिला दम सापडला होता, "हा चर्चसाठी भांडत नाहीये. एकोणीसशे चौऱ्याण्णवला, सुगीच्या जेवणाला, क्लिफने याला सगळ्यांसमोर सांगितलं की आउथवेटमधलं 'थवेट' नॉर्स आहे. जंगल तोडून केलेली जागा. हॅगरबीतलं 'बी', म्हणजे गाव, तेही त्यांचंच. तेव्हापासून हा रुसलाय. ब्रायन, तुझ्याच माणसांनी जाळलं असेल चर्च. आता कात्रीने गवत कापून काय होणार?"

आउथवेट लाल झाले, मग पांढरे. "त्यांनी ते कस्टर्ड वाढताना सांगितलं," ते हळूच म्हणाले. "माझे वडील शेजारी बसले होते."

माझी तयारी तेवीस मुद्द्यांची होती. कोणीही मला काही विचारलं नाही.

निकाल दहा मिनिटांत आला. 'मेला' मंजूर. नॉर्स लोकांचा उल्लेख वगळावा, म्हणजे 'बहुधा'चीही गरज उरत नाही. 'शब्द उसना, बाकी सगळं स्वतःचं' एवढं ठेवावं. कोणाकडून उसना, ते ज्याला विचारायचं असेल त्याने विचारावं. वटवाघळांना प्रतिकूल परिणाम नाही.

ऑक्टोबरात दगड तयार झाला, पण पावसामुळे आवारातली माती दगड उभा राहण्याइतकी बसलेली नव्हती. डग्डेल म्हणाले, नोव्हेंबर. मी आईकडे बघितलं, डग्डेलांनीही बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली. मागची दारं उघडली. आत, गाद्यांवर, दगड.

मी खुर्ची रस्त्यावर ढकलत नेली, यंत्राची वायर खिडकीतून. आईने हात लांब करून अक्षरांमध्ये बोट घातलं. मे-ला. बोट सगळीकडून फिरवलं, कस्टर्डचं भांडं पुसावं तसं. मग खालची अर्धी रिकामी जागा बघितली.

"एवढी जागा? मी काय निबंध लिहिणार आहे?"

"तुमची आहे," डग्डेल म्हणाले.

"इकडे या जरा," तिने त्यांना खूण केली. ते वाकले. ती त्यांच्या कानात काहीतरी बोलली. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या माणसाला हसताना बघितलं, म्हणजे त्यांच्या मिशीची एक बाजू हलली.

"काय सांगितलंस?"

"तुझ्या खात्याचं काम नाही."

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला सकाळी मी चहा घेऊन वर गेलो तर यंत्र चालू होतं आणि तिला त्याची गरज उरली नव्हती. चष्मा काढून ठेवलेला. पांघरूण गळ्यापर्यंत. एवढं नीट की मी चहा ठेवून परत फिरलो होतो, जिन्यात तिसऱ्या पायरीवर मला कळलं.

गॅस कंपनीला फोन केला. तीच मुलगी होती की दुसरी, कोण जाणे.

"मिसेस बॅराक्लफ यांची परिस्थिती बदलली आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "ती मेली."

मग ती म्हणाली, "माझ्या फॉर्ममध्ये तसा पर्याय नाहीये हो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "चर्चच्या यादीतही नव्हता."

ती रडतेय की टाइप करतेय ते मला कळलं नाही. पण तिने मला ताटकळत ठेवलं नाही, गाणंही लावलं नाही.

दगड डिसेंबरात लागला. खालच्या ओळीसाठी मी धसका घेऊन पुन्हा चौदा पानी अर्ज मागायला गेलो, तर पाद्रीणबाई म्हणाल्या की काही गरज नाही, ग्लेनिसने सांगितलेलं परिशिष्ट 'ब'मध्ये बसतं. आउथवेट आले होते. त्यांनी दगडाभोवती कात्री फिरवून ठेवली होती, न सांगता. वर लिहिलं होतं, 'क्लिफर्ड बॅराक्लफ. मेला. शब्द उसना, बाकी सगळं स्वतःचं.' खाली, त्याहून थोड्या मोठ्या अक्षरांत, 'ग्लेनिस. झोपी गेली.'

मिसेस पिकल्स पांढरं भांडं काखेत धरून दोन्ही ओळी दोनदा वाचत राहिल्या.

"म्हणजे अजून पटत नाही वाटतं दोघांचं," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि भांडं माझ्या हातात दिलं. गरम होतं.